हिरवा टॅग

आमच्या विज्ञानाच्या सरांच्या खिशात पेन नसायचं, व्हर्नियर असायचा. व्हर्नियर म्हणजे जाडी मोजायची पोलादी सरकपट्टी. सही करायला पेन ते आमच्याकडून मागून घेत आणि परत द्यायला विसरत, पण त्या पट्टीला मात्र कुणाला बोट लावू देत नसत. मधल्या सुट्टीत वर्गातून फिरताना कुणाचा डबा उघडा दिसला की सर थांबायचे, पोळी उचलायचे आणि तिची जाडी मोजायचे. "तुझी आई एकसारखी लाटते," हे त्यांच्याकडून मिळणारं सर्वांत मोठं कौतुक. माझ्या आईची भाकरी त्यांनी एकदा कडेला मोजली, मग मधोमध मोजली, आणि काही न बोलता पट्टी खिशात ठेवली. हे मी आईला आजतागायत सांगितलेलं नाही.

शाळा काळेवाडीतली, अकरा ते पाचची. सर शिक्षक होण्याआधी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. चांगली नोकरी सोडून, वयाच्या पस्तिशीत बी.एड. करून हा माणूस सातवीच्या पोरांना पचनसंस्था शिकवायला का आला, याबद्दल शाळेत तीन-चार गोष्टी प्रचलित होत्या. एकीत साहेबाशी मारामारी होती, एकीत प्रेमभंग होता. त्यांच्याकडे बघून दोन्हीपैकी काहीच पटायचं नाही. ते होते खेडकडचे, राजगुरुनगरच्या पलीकडच्या गावचे. वर्गात पुस्तकी मराठी बोलायचे, आणि जीव गुंतला की गावचं बोलायला लागायचे. त्यामुळे सर 'न्हाई' म्हणाले की आता मनापासून बोलतायत, हे आम्हाला लगेच कळायचं.

कारखान्यातून येताना त्यांनी पुठ्ठ्याच्या टॅगची तीन बंडलं आणली होती. प्रत्येक टॅगला दोरा ओवलेला, खाली छापलेल्या तीन ओळी : वस्तू, कारण, तपासणाऱ्याची सही. लाल म्हणजे रिजेक्ट, पिवळा म्हणजे पुन्हा करा, हिरवा म्हणजे ओके. हे टॅग ते आमच्या प्रकल्पांना बांधायचे, आणि नुसत्या प्रकल्पांनाच नाही. डुगडुगणाऱ्या बाकाला लाल टॅग असे, गळक्या नळाला असे, आणि एकदा पीटीच्या सरांच्या शिट्टीलाही होता. 'कारण' या ओळीवर बहुतेक वेळा दोनच शब्द असत : मोजलं नाही. हिरव्या टॅगचं बंडल मात्र कधीच फुटलं नव्हतं. त्याचं रबरबँड इतकं जुनं होतं की पुठ्ठ्याला चिकटून बसलं होतं. आम्ही विचारलं तर म्हणायचे, "ओके म्हणजे यात आता बघण्यासारखं काही उरलं नाही. असं काही मी अजून बघितलेलं नाही."

आम्हा सगळ्यांना, मुलींनाही, ते 'इन्स्पेक्टर' म्हणायचे. ताप आलाय म्हणून घरी जाऊ द्या म्हटलं की पहिला प्रश्न, "किती आहे, इन्स्पेक्टर? मोजलास का?"

विज्ञान प्रदर्शनाचं वारं सुरू झालं की इतर शाळांत ज्वालामुखी फुटायला लागत. व्हिनेगर आणि सोडा घातला की फसफसून लाल पाणी येतं तो. आमच्या शाळेच्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्या चाचांकडे तो तयार मिळायचा. थर्मोकोलची सूर्यमालाही मिळायची. सरांनी दोन्हींवर बंदी घातली होती. त्यांचा नियम असा : आठवडाभर घरात कान उघडे ठेवायचे आणि घरच्या माणसाची एक तक्रार आणायची. ज्याची तक्रार, त्याच्याच शब्दांत वहीत लिहायची. वहीतून सर ती निवडणार, आणि तोच तुमचा प्रकल्प.

त्यामुळे आमच्या वर्गात काय काय प्रकल्प व्हायचे. एकीच्या आजोबांची काठी ओल्या फरशीवर सरकायची, तर तिने काठीच्या टोकाला सहा तऱ्हेची रबरं लावून बघितली. एका पोराने मुद्दाम आगाऊपणाने लिहून आणलं, 'शेजारच्या काकू फार बोलतात.' वर्ग हसला. सर हसले नाहीत. फार म्हणजे किती, असं विचारून त्यांनी त्याच्या हातात घड्याळ दिलं. बिचारा आठ दिवस जिन्यात बसून काकूंचं बोलणं मिनिटांत टिपत होता, आणि शेवटी असं निघालं की काकूंपेक्षा त्याची आईच जास्त बोलते. त्याला पिवळा टॅग मिळाला. पुढचं घरी काय झालं ते त्याने सांगितलं नाही.

चाचा एकदा भांडायला आले होते. तुमच्यामुळे माझे ज्वालामुखी पडून राहतात म्हणाले. सरांनी त्यांना बाकावर बसवलं, चहा मागवला आणि त्यांचीही तक्रार विचारून घेतली. डिंकाच्या बाटल्यांची झाकणं नीट बसत नाहीत, डिंक वाळून जातो, असं चाचा म्हणाले. त्या वर्षी एका मुलीचा प्रकल्प झाला डिंक, आणि चाचा रोज दुकान सोडून निकाल विचारायला यायचे.

माझी तक्रार मी चोरून ऐकलेली होती. आई शेजारणीला सांगत होती, "ह्या माणसाला झोप नाही, आन हात मशीनमधी." मी ते तसंच्या तसं लिहून नेलं.

आम्ही लातूरकडचे. पप्पा एका लहान कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, हात काढायचा, प्रेस खाली येतो, पुन्हा हात घालायचा. त्यांची कायमची नाइट होती. सकाळी आठला घरी यायचे, जेवायचे आणि झोपायला बघायचे. आमची खोली पत्र्याची, वरच्या मजल्यावरची. ऑक्टोबरच्या उन्हात दहा वाजताच पत्रा तडतडायला लागायचा. आमच्याच चाळीत दोन काका होते, चहाचा कप दोन्ही हातांनी धरणारे, कारण एका हाताला तेवढी बोटं उरलेली नव्हती. मला लहानपणी वाटायचं की प्रेसवर काम केलं की ते होतंच, फक्त कधी ते ठरलेलं नसतं. पप्पांनी घास घेतला की मी त्यांच्या हाताकडे बघायची.

सरांनी वही वाचली, मिटली, आणि त्या दिवशी बाकीच्यांच्या वह्या बघितल्याच नाहीत. कपाटातून थर्मामीटर काढून माझ्या हातात दिला. पहिला आठवडा पत्रा आहे तसा. दुसऱ्या आठवड्यात पत्र्याला वरून चुना. तिसऱ्यात चुना आणि त्यावर ओली गोणपाटं. शाळेला निघताना साडेदहाला खोलीचं तापमान मी लिहायचं, आणि शेजारच्या रकान्यात किती तास झोप झाली ते पप्पांनी लिहायचं. तक्ता खिळ्याला टांगला. चुना मारायला आई चढली, मी खालून बादली धरली. माझ्या बाजूचे आकडे दर आठवड्याला एक-दोन अंशांनी उतरले. पप्पांच्या बाजूचे चार, पाच, सात असे चढले. मी तो तक्ता दप्तरात न घालता छातीशी धरून शाळेत नेला.

सरांनी तो टेबलावर पसरला. बराच वेळ बघितला. मग खण उघडून हिरवं बंडल काढलं. रबरबँड ताणायला गेले तर ते तुटूनच गेलं. वर्गात कुणी हालेना. माझंच पेन घेऊन त्यांनी वस्तूच्या ओळीवर लिहिलं : पत्र्याखालची झोप. पेन सहीच्या ओळीवर आलं आणि तिथेच राहिलं.

"शेवटच्या गुरुवारी किती झोपले?"

"सात तास," मी म्हटलं.

"गुरुवारी लाइट होती?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. आमच्याकडे गुरुवारी लाइट नसते हे शेंबड्या पोरालाही माहीत. दुरुस्तीसाठी सकाळी जाते ती संध्याकाळी येते. म्हणजे पंखा बंद, वर पत्रा, आणि पप्पा सात तास झोपले. सरांनी तक्ता उचलून खिडकीकडे तिरपा धरला. सगळ्या आठवड्याचे आकडे एकाच शाईचे, एकाच दमात लिहिलेले होते. त्यांनी हिरवा टॅग परत खणात ठेवला, लाल काढला आणि कारणाच्या ओळीवर लिहिलं : टेबलावर भरलं.

मला इतका राग आला की रडूसुद्धा आलं नाही. माझे आकडे खरे होते. घामाघूम होऊन घेतलेले होते. आणि या माणसाने भर वर्गात माझ्या बापाला खोटं ठरवलं होतं. संध्याकाळी पप्पा डबा भरून निघायच्या तयारीत असताना मी लाल टॅग त्यांच्यापुढे टाकला. ते वाचून हसलेच. कंपनीत रोजच भरतो की असं, म्हणाले. दर तासाला तपासून लिहायचा कागद असतो, तो सगळे शिफ्ट सुटताना एकदम भरतात. रकाना मोकळा दिसला की साहेब ओरडतो.

"चढतं दिसाया पाहिजे ना," ते मला समजावत म्हणाले. "तुझा नंबर आला पाहिजे म्हणून चांगलं चढवून लिव्हलं. तू कशाला चिडायलीस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सर आमच्या दारात. आई कामाला गेली होती. पप्पा बनियनवर अंथरुणात, मी कोपऱ्यात दप्तर भरत होते. सर बादली पालथी घालून तिच्यावर बसले, थर्मामीटर खिळ्याला लावला आणि म्हणाले, झोपा, मी बसलोय. आता शाळेतले सर दीड हातावर बसून टक लावून बघतायत म्हटल्यावर कोण झोपणार. पप्पा दहा मिनिटं डोळे घट्ट मिटून पडले आणि उठून बसले.

"झोपायलोय की मी, सर. तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घ्यायलाव?"

सरांनी चष्मा काढला. मग त्यांनी ते सांगितलं, जे शाळेत कुणालाच माहीत नव्हतं. प्रेसच्या पुढे हात आत जाऊ नये म्हणून जाळी असते. आपल्या शेडमधल्या सगळ्या प्रेसची जाळी रोज तपासून सही करणं हे त्यांचं काम होतं.

"धा वर्सं सही केली मी. टेबलावं बसून, चहा पिताना. एक दिवस चहा आला न्हाई म्हणून उठून बघाया गेलो, तर एका प्रेसला जाळीच न्हाई. बोल्टाच्या भोकांना गंज चढलेला. किती दिवसांची न्हवती, कुणाला ठावं."

पप्पांनी विचारलं, "कुणाचा हात गेला?"

"कुणाचाच न्हाई. त्याचाच धसका घेतला मी. पोरगा रोज हात घालत व्हता, आन माझी सही रोज व्हती."

खोलीत पत्रा तडतडत होता. पप्पा आपल्या हातांकडे बघत बसले. मग सरांकडे न बघता, माझ्याकडे तर नाहीच, हळूच म्हणाले, "तीन तास. कधी अडीच. चुन्यानंबी तेवढीच, गोणपाटानंबी तेवढीच." आणि मग, "परवा डुलकी लागली मशीनवर. हात भाईर व्हता म्हणून."

मी दप्तर भरायची थांबले. तीन आठवडे मी त्या चढत्या आकड्यांच्या आनंदात होते.

यावर दुसरा कुणी शिक्षक हळहळला असता. सरांनी चष्मा घातला आणि पप्पांना विचारलं की साडेदहाला चालत शाळेत येता येईल का. आमच्या प्रयोगशाळेमागे सामानाची एक खोली होती, तळमजल्यावरची, शहाबादी फरशीची, खिडकी उत्तरेला. तिथे नकाशे, मोडके तराजू आणि एक सांगाडा ठेवलेला असायचा. सरांनी सांगाडा भिंतीकडे तोंड करून उभा केला, पीटीच्या सरांकडून कुस्तीची गादी आणली आणि पप्पांना तिच्यावर झोपवलं. दाराला पाटी लावली : निरीक्षण चालू आहे, शांतता राखा.

तो आठवडा आमच्या वर्गाएवढा शांत वर्ग काळेवाडीत कुठे नसेल. दर अर्ध्या तासाला एकजण पायांतल्या चपला काढून जायचा, दाराच्या फटीतून बघायचा आणि नव्या तक्त्यावर लिहायचा. लिहिलेलं असायचं ते असं : घोरत आहेत. कूस बदलली. घोरत आहेत. एका बावळटाने दोन नोंदी चुकवल्या आणि घाबरून रकाने तसेच मोकळे सोडून आला. सरांनी त्या मोकळ्या रकान्यांच्या कडेला माझ्या पेनने लिहिलं, 'बघितलं नाही', आणि त्या पोराची पाठ थोपटली. सोमवारी पप्पा साडेपाच तास झोपले. मंगळवारी सहा. गुरुवारी लाइट नव्हती, तरी सहा.

शुक्रवारी मुख्याध्यापिका बाई आल्या. खरं तर त्या नकाशा न्यायला आल्या होत्या. पाटी बघून थबकल्या, आणि आतून पप्पांच्या घोरण्याचा आवाज आला.

"सर, आत कोण आहे?"

"प्रकल्प आहे, बाई," सर कुजबुजले. "जरा हळू बोला."

बाई चिडल्या, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. मुलामुलींच्या शाळेत बाहेरचा पुरुष झोपवायचा, तोही न विचारता, यावर संस्थेने सरांना घरी बसवलं असतं तरी कुणी बोट दाखवलं नसतं. ऑफिसमध्ये त्या बराच वेळ बोलत होत्या. सरांनी फक्त दोन्ही तक्ते त्यांच्यापुढे ठेवले, लाल टॅगवाला आणि नवा. बाई परत आल्या तेव्हा त्यांनी शनिवारपर्यंत मुदत दिली, सरांकडून लेखी माफी मागून घेतली, आणि जाताना स्वतःच्या चपला वाजू नयेत म्हणून टाचा उचलून गेल्या. नकाशा न्यायचा राहिलाच.

सरांचं म्हणणं होतं की पप्पांनी तो तक्ता साहेबाला दाखवून दिवसाची शिफ्ट मागावी. पप्पा काही तयार होईनात, कंत्राटी माणसाने तोंड उघडलं की दुसऱ्या दिवशी गेटवर अडवतात म्हणाले. निकाल लावला आईने. तिला वाचायला वेळ लागतो. तिने दोन्ही तक्ते चुलीपाशी बसून, बोट ठेवत ठेवत, शेवटपर्यंत वाचले. घोरत आहेत हे वाचताना तिचे डोळे भरून आले. मग म्हणाली, "कुठं झोप लागती ते लिहून आलंय आता. खोली बदलायची." दिवाळीच्या आत आम्ही तळमजल्यावरच्या एका खोलीत गेलो. डोक्यावर दोन मजले, खिडकी बोळात, दिवसाही दिवा लावावा लागे. भाडं जास्त, जागा कमी, आणि कंपनी आणखी लांब. येणारा जाणारा म्हणे, काय ही अंधारी खोली घेतलीत. आई म्हणायची, निवडून घेतलीय.

प्रदर्शन आकुर्डीला होतं. माझ्या टेबलावर दोनच तक्ते होते, एकाला लाल टॅग लोंबत असलेला. परीक्षकांनी इकडेतिकडे बघून विचारलं, "यात मॉडेल कुठे आहे?" पप्पा मागे उभे होते, रात्रपाळी करून तसेच आलेले, कंपनीच्या निळ्या शर्टात. मी म्हटलं, "मॉडेल मागे उभं आहे." पप्पांनी नमस्कार केला. परीक्षक पुढे गेले. पहिला नंबर एका ज्वालामुखीचा आला, त्यात दिवेही लावलेले होते. सर त्या ज्वालामुखीपाशी गेले, व्हर्नियर काढून त्याच्या तोंडाची रुंदी दोन ठिकाणी मोजली, आणि काही न बोलता पट्टी खिशात ठेवली.

आता मी चाकणलाच क्वालिटीला आहे. माझ्या हाताखालच्या पोरांच्या कागदावर 'बघितलं नाही' लिहिलेलं आढळतं म्हणून साहेब माझ्यावर वैतागतात. वैतागू देत.

गेल्या महिन्यात पप्पा रिटायर झाले. शेवटपर्यंत प्रेसवरच होते. कंपनीने शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. रविवारी घरी चार माणसं जेवायला बोलावली. सर राजगुरुनगरहून दोन बस बदलून आले. सत्तरी उलटलेली, हात थोडा कापतो, खिशात व्हर्नियर आहेच. जेवणात त्यांनी आईची भाकरी उचलली तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता, पण त्यांनी ती नुसती खाल्ली.

जेवणं झाल्यावर ते पप्पांच्या समोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, हात दाखवा. पप्पांनी दोन्ही हात पुढे केले. घट्टे पडलेले, एक नख काळं, तळव्यावर जुन्या खरचटल्याच्या रेघा. सरांनी शर्टाच्या वरच्या खिशातून एक हिरवा टॅग काढला. कडा पिवळसर झालेल्या, दोरा मळलेला. वस्तूच्या ओळीवर सातवीतल्या माझ्याच पेनची फिकट शाई होती : पत्र्याखालची झोप. त्यांनी ते शब्द खोडले आणि वर नवीन काही लिहिलं नाही. मग डाव्या अंगठ्यापासून एकेक बोट आपल्या चिमटीत धरून मोजायला लागले. आई पदराने तोंड दाबून उभी होती. मी मोजत नव्हते, मला ते आकडे पाठ आहेत. रोज घासाघासाला मोजलेले आहेत.

दहा झाले. सरांनी माझ्याकडे हात केला आणि मी पेन दिलं. पेन सहीच्या ओळीवर आलं आणि थांबलं. त्यांनी ते मांडीवर ठेवलं आणि पप्पांचा डावा हात पुन्हा हातात घेतला.

"धाच हायत, सर," पप्पा म्हणाले.

"असतील," सर म्हणाले. "पर सही माझी हाय."

आणि त्यांनी परत अंगठ्यापासून सुरुवात केली.